खरेदीच्या आधी कपाटाचा हिशोब: मोजक्या कपड्यांचं नियोजन कसं करावं

नवा कपडा घ्यायचा की नाही, हे घरी कपाटापुढे कागद-पेन घेऊन बसून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानातला प्रकाश, आरसा आणि सवलतीची पाटी या तिन्ही गोष्टी 'घेऊन टाक' असंच सांगत असतात. त्या रंगाचे आपल्याकडे आधीच किती कपडे आहेत, हा नवा कशावर जाणार आहे, धुतल्यावर वाळायला किती वेळ घेणार आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

मोजक्या आणि एकमेकांशी जुळणाऱ्या कपड्यांच्या संचाला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फो यांनी ही कल्पना लोकांपर्यंत नेली. चांगल्या प्रतीचे, चटकन जुनाट न दिसणारे थोडे कपडे कायम ठेवायचे आणि ऋतूप्रमाणे त्यात थोडी भर घालायची, असं त्यांचं सांगणं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनर डोना कॅरन यांनी आपापसांत अदलाबदल करून घालता येतील अशा सात कपड्यांचा संग्रह आणला आणि कल्पना सर्वदूर गेली. पुढे २०१० मध्ये अमेरिकी लेखिका कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने फक्त ३३ वस्तूंवर काढायचा प्रयोग सुरू केला. त्यात बूट-चपला आणि दागिनेही मोजतात. आतले, झोपायचे आणि व्यायामाचे कपडे मोजत नाहीत. तेव्हापासून बरेच जण ३३ या आकड्याच्या मागे लागले आहेत. मला तो आग्रह पटत नाही. तुमचा आकडा तुमच्या आठवड्यावरून आणि तुमच्या घरी कपडे किती दिवसांनी धुतले जातात यावरून निघतो. तो कसा काढायचा आणि त्यातून खरेदीची यादी कशी करायची, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी दोन आठवडे फक्त नोंद

पहिले दोन आठवडे काही काढायचं नाही, काही टाकायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही. रोज काय घातलं ते रात्री एका ओळीत लिहायचं: वर काय, खाली काय, पायात काय, आणि दिवसभर कसं वाटलं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. 'बाही काखेत काचत होती', 'सारखी पँट वर ओढावी लागली', 'दिवसभर लक्षातच आलं नाही काय घातलंय' अशा साध्या शब्दांत लिहा. ज्या कपड्याची दिवसभर आठवणही येत नाही, तो तुमचा खरा आवडता कपडा असतो. लिहायचा कंटाळा असेल तर आरशासमोर एक फोटो काढला तरी चालेल, पण त्याखाली चार शब्द हवेतच.

याच वेळी हँगरवरचे सगळे कपडे उलट्या बाजूने अडकवा, म्हणजे हँगरची आकडी बाहेरच्या दिशेने येईल. घालून, धुऊन परत ठेवताना आकडी नेहमीसारखी आत करा. काही महिन्यांनी जे हँगर उलटेच राहिले असतील ते तुम्हाला आपोआप दिसतील. घडी करून ठेवायच्या कपड्यांसाठी सोपं म्हणजे धुतलेला कपडा गठ्ठ्याच्या वरती न ठेवता कायम डावीकडे ठेवायचा. न वापरलेले सरकत सरकत उजवीकडे जमा होतात.

मग सगळं बाहेर

सगळं म्हणजे सगळं. धुवायच्या टोपलीतलं, इस्त्रीला दिलेलं, दाराच्या मागे खुंटीवर लटकलेलं, प्रवासाच्या बॅगेत राहून गेलेलं. पलंगावर ढीग करा आणि प्रकारानुसार लावा. एकाच रंगाचे चार शर्ट चार वेगवेगळ्या जागी असतात तोवर ते चार आहेत हे कळत नाही. शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

आता प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात घातला का? घातला असेल तर वापरातल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात ठेवा, त्याचा प्रश्न मिटला. घातला नसेल तर लगेच टाकून देऊ नका. आधी *का* घातला नाही ते लिहा. या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण न घातलेल्या कपड्यांची कारणं म्हणजे पुढच्या खरेदीचे नियम असतात.

कारणं साधारण ठरलेली असतात. पहिलं, माप. खांद्याची शिवण दंडावर उतरते, किंवा बटणं लावली की छातीवर फट पडते. दुसरं, कापड. टोचतं, अंगाला चिकटतं, घामाचा वास धरतं. त्यामागे कारणही असतं: साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून नुसत्या पॉलिएस्टरचा शर्ट अंगावर घाम शोषत नाही, पण दोरीवर लवकर वाळतो. तिसरं कारण म्हणजे जोडी नाही. वरचा छान आहे, पण त्याच्याखाली घालायला काही नाही. चौथं, निगा. दर वेळी कडक इस्त्री लागते, वेगळा धुवावा लागतो, किंवा फक्त ड्रायक्लीन चालतो. पाचवं कारण मनातलं असतं: 'हा चांगला आहे, उगाच खराब व्हायला नको.' मग तो ठेवणीत जातो आणि ठेवणीतच आखूड होतो.

आणखी एक कारण लोक लिहायला कचरतात, पण ते लिहावं: हा कपडा मी कुठल्या तरी वेगळ्या आयुष्यासाठी घेतला होता. पूर्वीच्या नोकरीसाठी, पूर्वीच्या वजनासाठी, 'पुढे कधी तरी' साठी. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. शरीर आणि दिनक्रम बदलतात, कपड्यांनी त्यांच्यामागे जायचं असतं.

या कारणांची बेरीज करा. समजा न वापरलेल्या बारांपैकी सहांपुढे 'इस्त्री' असं आलं, तर तुमचा पहिला नियम तयार झाला: चुरगळणारं कापड यापुढे घ्यायचं नाही, ते कितीही सुंदर असलं तरी. लिनन मला फार आवडतं, पण ज्याला सकाळी पाच मिनिटंही मोकळी नसतात त्याला मी ते घ्यायला सांगणार नाही.

आठवड्याचे तुकडे

एका कागदावर नेहमीच्या आठवड्यातल्या जागेपणीच्या वेळेची वाटणी करा: काम, घर, बाहेरची किरकोळ कामं, व्यायाम, समारंभ. आता शेजारी लिहा, यातल्या प्रत्येकासाठी कपाटात किती कपडे आहेत. बहुतेकांचे समारंभाचे कपडे वेळेच्या मानाने फार जास्त असतात आणि घरात घालायचे धड कपडे जवळजवळ नसतातच. जुने झाले की 'घरी वापरू' म्हणून तिकडे ढकललेले असतात. जो माणूस घरून काम करतो किंवा दिवसातले बारा तास घरात असतो, त्याने सगळ्यात आधी घरच्या कपड्यांवर खर्च करावा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण शरीराला सगळ्यात जास्त वेळ तेच लागतात.

आकडा धुण्यावरून काढा

वरच्या कपड्यांसाठी हिशोब असा: दोन धुण्यांमधले जास्तीत जास्त दिवस, अधिक कपडा धुऊन-वाळून-इस्त्री होऊन परत कपाटात यायला लागणारे दिवस, अधिक एक जादा.

आठवड्यातून दोनदा धुणं होत असेल तर मधे जास्तीत जास्त चार दिवस जातात. वाळून इस्त्री व्हायला दोन दिवस. चार आणि दोन सहा, आणि डाग पडला, पावसात भिजलं, पाहुणे आले, यासाठी एक. म्हणजे बाहेर घालायचे वरचे कपडे सात. हवा दमट असते त्या काळात वाळायला एक दिवस जास्त धरा. रोज मशीन लागत असेल तर चारही पुरतात. आठवड्यातून एकदाच धुणं होत असेल तर दहा लागतील, आणि तो आकडा जास्त आहे म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खालचे कपडे बहुधा दोनदा घालून मग धुतले जातात, जीन्स त्याहूनही जास्त. मग सहा दिवसांना तीन आणि एक जादा, म्हणजे चार. उकाड्यात रोज बदलावे लागत असतील तर वरच्यांचाच हिशोब लावा. आतले कपडे आणि मोजे याच रीतीने मोजा, पण त्यात दोन-तीन जादा ठेवा. तिथे काटकसर करून काही साधत नाही.

आता सात वरचे आणि चार खालचे यांच्या २८ जोड्या होतात, सगळं सगळ्याशी जुळलं तर. इथे एक गंमत पाहा. या संचात एक वरचा कपडा वाढवला तर चार नव्या जोड्या मिळतात. एक खालचा वाढवला तर सात मिळतात. तरी आपण दुकानात बहुतेक वेळा वरचेच कपडे घेतो, कारण ते नजरेत भरतात आणि मापाला सोपे असतात. पँट किंवा सलवार घालून बघणं कंटाळवाणं असतं म्हणून ती खरेदी लांबते, आणि शेवटी चांगले दहा शर्ट एकाच पँटच्या जिवावर उभे राहतात.

रंग

पायाचे, म्हणजे ज्यांच्या आधारावर बाकी सगळं जुळवायचं असे, दोन रंग निवडा, खालचे कपडे आणि जॅकेट त्यातच. काळा, नेव्ही (गडद निळा), राखाडी, तपकिरी, खाकी, यांतले कुठलेही. त्यावर एक फिका रंग: पांढरा, दुधी किंवा फिका निळा. मग तुम्हाला खरोखर आवडतात असे दोन रंग, अगदी भडकही चालतील. कॅप्सूल म्हणजे सगळं बदामी आणि राखाडी हवं, हा समज काढून टाका. जिला मोरपंखी आवडतो तिच्या कपाटात मोरपंखी असलाच पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांत ती कंटाळून तोच रंग विकत घेऊन येईल.

काळा आणि नेव्ही दुकानातल्या दिव्याखाली एकच वाटतात, म्हणून रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, शक्यतो खिडकीशी धरून बघा. नक्षीदार कापड घेताना त्या नक्षीत तुमच्या पायाच्या रंगांपैकी निदान एक आहे का ते पाहा. असेल तर जोडी आपोआप लागते.

जोड्यांचा तक्ता

वापरातल्या वरच्या कपड्यांची नावं उभी लिहा, खालच्यांची आडवी. जी जोडी तुम्ही खरंच घालून बाहेर पडाल तिथे खूण करा. 'चालून जाईल' ला खूण नाही. शंका असेल तर घालून बघा आणि फोटो काढा; आरशापेक्षा फोटोत चूक लवकर दिसते, विशेषतः लांबीची. सैल आणि लांब कुर्त्याखाली सैल पँट घातली की अंगाचा आकारच हरवतो, आणि हे कागदावर कळत नाही.

तक्त्यातल्या ज्या आडव्या ओळीत एकच खूण आहे तो कपडा एकटा पडलेला आहे. त्याला काढायचं, की त्याला जोडीदार द्यायचा? माझा नियम असा: जो नवा जोडीदार आणखी दोन कपड्यांशीही जुळणार असेल तरच तो घ्यायचा. एकाच शर्टाला वाचवायला पँट घेणं म्हणजे आणखी एक एकटा कपडा तयार करणं. नव्या प्रत्येक कपड्याने आधीच्या तिघांशी जुळायला हवं.

आधी शिंपी, मग दुकान

एका सुती टी-शर्टामागे कापूस पिकवण्यापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज दिला जातो. घरात आहे तो कपडा वापरात आणणं हे नवा घेण्याहून केव्हाही बरं. पण काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही हे माहीत हवं.

लांबी कमी करणं, बाही आखूड करणं, कंबर किंवा बाजू आत घेणं, चेन आणि बटणं बदलणं, कॉलर उसवून उलटी लावणं ही सोपी कामं. खांदा लहान करणं अवघड, कारण बाही पूर्ण उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, नव्याने कापावा लागतो. मुंढा घट्ट असेल तर तो कपडा शक्यतो सोडून द्या. सैल करायचा असेल तर आतून शिवण उलटवून माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते पाहा. बोटभर कापड असेल तर होईल, नुसती ओव्हरलॉकची कड असेल तर नाही. जुनी टीप होती तिथे रंगाची रेघ दिसू शकते, हेही ध्यानात ठेवा.

उरलेली यादी

इतकं झाल्यावर जी भोकं उरतात ती खरी यादी. ती नीट लिहा. 'काळी पँट' असं लिहिलं तर दुकानात दहा प्रकारच्या काळ्या पँटी मिळतील. 'काळी, सुती पण थोडी ताण असलेली, घोट्यापर्यंत, खिशात फोन मावेल अशी, घरी धुता येणारी, वर निळा-पांढरा-मोरपंखी तिन्ही जातील अशी' असं लिहा. वर्णन जितकं बारीक, तितकी बाकी सगळ्याला नाही म्हणणं सोपं. यादीवर तारीख घाला आणि महिनाभर थांबा. महिन्याने जी ओळ अजूनही रोज टोचते आहे तीच घ्यायची. काही ओळी स्वतःहून गळतात.

सोबत मापं घ्या, पण स्वतःची नव्हे, तुमच्या सगळ्यात चांगल्या बसणाऱ्या कपड्याची. शर्ट सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांदा ते खांदा, मानेपासून खालपर्यंत आणि बाहीची लांबी. पँटची कंबर, समोरची कंबरेपासून जांघेपर्यंतची उंची आणि आतली पायाची लांबी. एम, एल, एक्सएल ही अक्षरं प्रत्येक कंपनीत वेगळी निघतात. इंच मात्र तेच राहतात. ऑनलाइन घेताना तर याशिवाय घेऊच नये.

कपडा हातात घेतल्यावर

उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर आत आणखी एक कपडा लागणार, तो हिशोबात धरा. टी-शर्टाच्या कापडाचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगतात. १५० च्या आसपासचं पातळ, १८० च्या वरचं अंगावर नीट पडणारं.

कापडाची कड मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडा. पडलेल्या चुण्या तशाच राहिल्या तर तो कपडा दिवसभर तसाच दिसणार. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलकेच ताणा. टाक्यांमधून फट दिसली तर ती शिवण बसता-उठताना उसवेल. आतली बाजू उलटून बघा. लोंबणारे दोरे, वाकडी टीप, सैल बटणं आतूनच कळतात. चौकटीचं कापड असेल तर खिसा आणि बाजूच्या शिवणीवर रेघा जुळल्या आहेत का पाहा. जुळल्या असतील तर शिवणाऱ्याने कापड वाचवायला हात आखडलेला नाही.

दोन टोकं एकमेकांवर थोडा वेळ घासा. लव निघून बारीक गोळे दिसू लागले तर काखेत आणि मांड्यांशी आधी तेच होणार. मग लेबल वाचा. पाण्याच्या टबातला आकडा म्हणजे धुण्याचं कमाल तापमान, टबात हात म्हणजे हाताने धुवा, फुलीचा त्रिकोण म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर एक ठिपका म्हणजे कमी उष्णता आणि तीन म्हणजे जास्त. टबावर फुली आणि शेजारी वर्तुळ असेल तर घरी धुणं नाही. तुम्ही ड्रायक्लीनला वर्षातून एकदाच जात असाल तर तो कपडा वर्षातून एकदाच घातला जाणार.

घालून झाल्यावर उभं राहून आरशात बघू नका फक्त. बसा, वाका, दोन्ही हात वर करा, चार पावलं भराभर चाला. आणि पायात तेच बूट-चपला हव्यात ज्यांवर तो रोज घालणार.

महाग की स्वस्त, हे वापरावर ठरवा. किमतीला, तो किती वेळा घालाल त्या आकड्याने भागा. तिप्पट किमतीचा शर्ट दहापट वेळा घातला जाणार असेल तर तोच स्वस्त. समारंभाच्या कपड्याला हा हिशोब लावला की भाड्याने किंवा कुणाचा तरी घालणं किती शहाणपणाचं आहे ते दिसतं.

नको असलेले कपडे

ज्यांच्याबद्दल मन ठरत नाही ते एका खोक्यात घालून बाहेर तारीख लिहा. सहा महिने उघडलं नाही तर त्यातले चांगले कपडे ओळखीतल्या कुणाला विचारून, ते स्वच्छ धुऊन, बटणं लावून द्या. फाटके कधीच दुसऱ्याला देऊ नका. त्यांची फडकी करा. आणि जे आठवणीचे कपडे देऊन टाकायला जीव होत नाही, ते ठेवा. त्यांना कपाटातून काढून वेगळ्या डब्यात ठेवलं म्हणजे रोजच्या हिशोबात येत नाहीत.

खरेदीचा क्रम

यादीत पाच गोष्टी असतील तर पाचही एकदम आणू नका. तक्त्यात जी एक गोष्ट आल्याने सगळ्यात जास्त रिकामे चौकोन भरतात ती आधी. ती घातली, दोन-तीनदा धुतली, आटली का, रंग गेला का, गुडघ्याला फुगली का ते बघितलं, आणि मग तक्ता परत समोर घेतला. बऱ्याचदा पहिल्या खरेदीनंतर दुसऱ्या ओळीचं वर्णन बदलतं: लांबी वेगळी हवी असते, रंग एक छटा गडद. ते नव्याने लिहा आणि मगच पुढचा कपडा बघायला जा.